न आलेल्या गाडीची फाईल

गाडी बुक झाली. तीस एप्रिलला संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, अकोल्याच्या जठारपेठेत, अरबटांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. झालं ते झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू, कारण एकोणतीस तारखेच्या सकाळी तशी काहीच चिन्हं नव्हती, आणि खुशालराव अरबटांना कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या हातून चहाचा कप पडला असता.

तो तसाही पडला. रुख्मिणीबाईंनी कप त्यांच्या डाव्या कोपराशी ठेवला होता आणि खुशालरावांनी पेपर उलटला. कप फुटला नाही, पण अग्रलेख भिजला.

"दिसला नाई का?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"दिसला ना. साखर जास्त होती त्याच्यात."

"पेले कवा तुमी?"

"वासावरून समजते."

रुख्मिणीबाई फडकं घेऊन आल्या. टेबल पुसता पुसता, जणू टेबलालाच सांगतायत अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या तीस हाय. उद्या बुकिंग बंद होते."

खुशालरावांनी भिजलेला पेपर झटकला.

गाडी विजेवर चालणारी होती, आणि अजून बाजारात आली नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर येणार होती. आधी नाव नोंदवेल त्याला आधी मिळणार होती. जाहिरातीत काळ्याकुट्ट अंधारात एक चादर, चादरीखाली गाडीसारखा उंचवटा आणि पुढे दोन पेटलेले दिवे, एवढंच होतं. कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कुणालाच कळत नव्हतं. अख्ख्या महाराष्ट्रात खुशालरावांइतकंच बाकीच्यांनाही दिसत होतं अशी ही एकमेव गोष्ट होती.

"फाईल चालू हाय," खुशालराव म्हणाले.

अरबटांच्या घरात कोणतीही मोठी गोष्ट फाईलशिवाय होत नसे. खुशालराव एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. चौतीस वर्षं ते बाहेरून आलेलं पत्र नोंदवून आत पाठवत होते आणि आतून आलेलं नोंदवून बाहेर पाठवत होते, आणि मधल्या काळात त्या पत्रांचं काय होतं याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. घरीही त्यांनी तीच पद्धत लावली. आधी टिपणी लिहायची. टिपणीत ज्या कागदाचा आधार घेतला तो सहपत्र म्हणून मागे जोडायचा. पानांना क्रमांक घालायचे आणि फाईल फ्रीजवर ठेवायची. रुख्मिणीबाई स्वयंपाकातून वेळ काढून ती वाचत आणि कोपऱ्यात शेरा मारत. कूलरच्या फाईलवर त्यांनी 'वाचले. जीव चालला. लवकर आणा' असं लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कूलर आला होता. मुलीच्या, आचलच्या लग्नाची फाईल दोन भागांत होती.

'चारचाकी' ही फाईल खुशालरावांनी संक्रांतीला स्वतःच उघडली होती. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. नोकरीला लागल्या लागल्या ऑफिसच्या जीपवर ते गाडी शिकले होते आणि तेव्हापासून लायसन्सचं फक्त नूतनीकरण करत आले होते. निवृत्तीनंतर रुख्मिणीबाईंना शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत अमरावतीला आचलकडे जायचं, आणि मूर्तिजापूरला थांबून चहा प्यायचा, एवढा बेत होता. पहिल्या टिपणीत त्यांनी चहासुद्धा लिहिला होता.

"फाईल चालू हाय म्हंजे काय?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "होळीपासून तुमी फक्त हरकती लिहून राहिले."

"मंग? हरकती नको का? त्या गाडीत नुसते वायरच वायर. आपल्या घरचे उंदीर तुले माहीत हाय. त्यायनं मिक्सरचं वायर खाल्लं, गीझरचं खाल्लं. गाडी म्हंजे त्यायले लग्नाचं जेवन."

"मांजर आनू."

"पंचेचायीस डिग्रीत माहा मोबाईल बंद पडते. गाडी सुटन का? अन् लाईन गेली तं? भर रस्त्यात गाडीतली लाईन गेली तं कोनाच्या घरी प्लग लावू?"

"लोकायच्या गाड्या चालूनच राहिल्या ना."

"त्यायच्या घरी उंदीर नसन."

रुख्मिणीबाईंनी फडकं पिळलं. "संक्रांतीले तुमीच उड्या मारून राहिले होते," त्या म्हणाल्या. "आता काहून भेता?"

"कोन भेते?" खुशालराव म्हणाले, आणि उठताना खुर्चीला अडखळले. खुर्ची बावीस वर्षं तिथंच होती.

*

होळीनंतरच्या सोमवारी खुशालराव घरी 'विभागीय कार्यालयात मीटिंग' असं सांगून अमरावतीला गेले होते. आवक-जावकच्या कारकुनाला चौतीस वर्षांत कुणी मीटिंगला बोलावलं नव्हतं, हे रुख्मिणीबाईंच्या लक्षात येईल अशी त्यांना धास्ती होती. ते एसटीनं गेले, आचलच्या घरावरून मान खाली घालून रिक्षानं पुढे गेले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. अकोल्यात डोळ्यांचे डॉक्टर भरपूर आहेत, पण अकोल्यात ओळखीचेही भरपूर आहेत.

गेले काही महिने माणसं अचानक उगवत होती. आधी नसायची, आणि मग एकदम नाकासमोर असायची. मोटरसायकली तर जमिनीतून निघायच्या. ऑफिसात दोनदा त्यांनी आवक शिक्का कागदाच्या बाहेर, थेट टेबलावर मारला होता. टेबलाला आवक क्रमांक मिळाला.

दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या कढईत तोंड घालून बसवलं. आत कुठे ना कुठे बारीक ठिपका चमकेल, दिसला की हातातलं बटण दाबायचं. खुशालरावांनी दाबलं. मग बराच वेळ काहीच चमकलं नाही. घड्याळासारखी कुठली तरी टिकटिक चालू होती, मशीन आवाज करत होतं, म्हणजे काहीतरी नक्की चालू होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या तळहाताला घाम सुटला. चौथी-पाचवीत गणिताच्या पेपराला सुटायचा तसा. मग त्यांनी तेव्हा केलं होतं तेच केलं. अंदाजानं ठोकत गेले.

"काका," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "मशीननं काहीच दाखवलं नव्हतं, तेव्हा तुम्ही सतरा वेळा बटण दाबलंय."

"पासिंग कितीवर हाय, मॅडम?"

"ही परीक्षा नाही, काका."

त्यांना पुन्हा कढईत घातलं. या वेळी त्यांनी खरं खरं दाबलं, आणि त्यामुळे खूपच कमी दाबलं.

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी कागद त्यांच्याकडे वळवला. दोन गोल होते, कडेनं काळे आणि मध्ये उजेड, पावसाळ्यात गच्चीवर राहून कडेनं कुजलेल्या टोपल्यांसारखे. कडेचं गेलंय, त्या म्हणाल्या, ते परत येणार नाही. थेंब रोज टाकायचे, न चुकता, म्हणजे राहिलेलं टिकवता येईल.

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. बरीच वर्षंही टिकतं. थेंब चुकले तर नाही टिकत. घरात कुणाला होतं का?"

"बाबाले."

"गाडी चालवता?"

"अजून आली नाई," खुशालराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "चालवू नका."

परतीच्या एसटीत खुशालराव खिडकीशी बसले. बाहेर कपाशीची रिकामी शेतं होती. ते एक डोळा झाकून बघत, मग दुसरा. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यांना चहाची आठवण आली, पण ते उतरले नाहीत. फलाटावरून परत चढताना पायरी दिसली नाही तर, हा विचार त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि आला तो जागा धरून बसला.

त्यांचे वडील जानराव बार्शीटाकळीच्या घरी शेवटची नऊ वर्षं न दिसता जगले. कुणी त्यांना वाईट वागवलं नाही. जेवायला वेळेवर मिळायचं. फक्त एकदा, ते अंगणात ऊन खात बसले असताना, घरच्यांनी त्यांची बाज माजघरातून उचलून मागच्या पडवीत नेली. मुलांच्या अभ्यासाला जागा हवी होती. कारण रास्तच होतं. जानरावांना सांगायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी ते भिंतीला हात लावत माजघरात आले, नेहमीच्या जागी वळले आणि बसले. तिथं बाज नव्हती. ते थेट जमिनीवर बसले. थोडा वेळ हातानं जमीन चाचपत राहिले, जणू बसायचं तिथंच होतं.

खुशालराव तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि बाजेचा मागचा पाय त्यांनीच धरला होता. घरातली प्रत्येक गोष्ट लिहून, क्रमांक घालून, सगळ्यांसमोर ठेवायची सवय त्यांना ऑफिसनं लावली असं लोक समजत. ऑफिसचा त्यात फारसा हात नव्हता.

म्हणून ते अंधाराला जेवढे भीत नव्हते तेवढे विचारलं न जाण्याला भीत होते. डोळ्यांचं कळलं की आधी गाडीचं विचारणं बंद होईल. मग भाजीचं, मग पाहुण्यांचं. मग एक दिवस बाज हलेल.

त्या संध्याकाळी त्यांनी 'चारचाकी' फाईल घेतली आणि हरकती लिहायला सुरुवात केली. उंदीर, ऊन, लाईन. आठ हरकती झाल्या. नववीला हात आपोआप चालला: 'इतर वैयक्तिक कारणे (सहपत्र, पृष्ठ १४ पहावे).' आणि दवाखान्याचा कागद त्यांनी पंच करून मागे लावला, पृष्ठ चौदा म्हणून.

कोणत्याही शहाण्या माणसानं तो लावला नसता. पण आधार घ्यायचा आणि कागद जोडायचा नाही, हे त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. तीन दिवसांनी भानावर आल्यावर तो काढून टाकावा असं त्यांच्या मनात आलं. पण काढला तर टिपणीत 'पृष्ठ १४ पहावे' आणि फाईल संपणार तेरावर. पृष्ठ गहाळ असलेली फाईल म्हणजे चौकशी. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली की एवढ्या वर्षांत, कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही साहेबानं कोणतीही फाईल पृष्ठ चौदापर्यंत वाचल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही. कागद सुरक्षित होता.

*

थेंब ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या पॅडमागे होते. सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी निघताना खुशालराव बाथरूममध्ये जाऊन डोळ्यांत थेंब टाकत आणि लाल डोळ्यांनी बाहेर येत. ऑफिसात अशी वदंता होती की ते निवृत्तीच्या दुःखानं दिवसातून दोनदा रडतात. दोघातिघांनी त्यांच्या पाठीवरून हातही फिरवला होता.

एकोणतीस तारखेला ते थेंब टाकून बाहेर आले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा विपुल वाटच बघत होता. विपुलचं वय सत्तावीस, आणि न आलेल्या गाडीचा तो अकोल्यातला सर्वांत मोठा भक्त होता.

"काका, रडू नका बरं. केलं का बुक?"

"विचार करून राहिलो."

"अजून? काका, एक सांगू? सगळ्यात भारी काय हाय माहीत हाय का? आवाज नाई. बिलकुल आवाज नाई. मागून आली तरी समजत नाई."

खुशालरावांनी पेन खाली ठेवलं. "समजत नाई?"

"काईच नाई. पाच-सात वर्षांत पाहा, सगळ्या गाड्या अशाच. पूर्ण अकोला चूप."

गेला दीड महिना खुशालराव रस्ता कानांनी ओलांडत होते. अशोक वाटिकेच्या चौकात ते डोळे जवळजवळ मिटून उभे राहत आणि डावीकडून ऑटो, उजवीकडून बस, असं ऐकून पाऊल टाकत. हे त्यांना बरं जमायला लागलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी पुढची काही वर्षं मनात आखून ठेवली होती. आता त्यांच्यासमोर एक चूप अकोला उभा राहिला. शेकडो चादरी पांघरलेल्या गाड्या, आवाज न करता, डावीकडून येतायत.

"पानी घ्या काका," विपुल म्हणाला. "तुमी फारच मनावर घेतलं रिटायरमेंटचं."

खरं म्हणजे विपुलला तरी काय ठाऊक. ठाऊक होण्यासारखं जे होतं ते आदल्या रविवारीच अमरावतीत, भर मैदानात घडलं होतं.

कंपनीनं तिथं तंबू टाकला होता. न आलेली गाडी अर्थातच तंबूत नव्हती. तिच्याऐवजी एक खुर्ची, एक स्टिअरिंग आणि समोर अर्धगोलात तीन पडदे होते. आचलनं हट्टानं दोघांना तिथं नेलं होतं. रागिणी नावाची कंपनीच्या टी-शर्टातली मुलगी म्हणाली, "सर, बसा ना. खरीखुरी फीलिंग येते." खुशालराव नको म्हणाले. मागे रांगेत वीसेक माणसं होती, आणि इतक्या लोकांत एकापेक्षा जास्त वेळा नको म्हटलं की माणूस संशयास्पद वाटतो. ते बसले.

"इंडियन रोड लावते," रागिणी म्हणाली.

पडद्यावर रस्ता आला. खुशालराव सुरेख निघाले. चौथा गिअर शोधायला हात गेला, तो नव्हता, हे सोडलं तर सगळं ठीक होतं. मग पडदा लाल झाला आणि खुर्ची हादरली.

"सर, म्हैस," रागिणी म्हणाली. "डावीकडून आली होती."

"हो, पाह्यली मी."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच म्हैस, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी खुशालरावांनी कान टवकारले, पण कंपनीनं म्हशीला आवाज दिला नव्हता. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अबे, काका त्या म्हशीले सोडत नाई." लोक हसले. आचलही हसली. "बाबा, काय वाकडं केलं तिनं तुमचं?"

"मशीन खराब हाय," खुशालराव म्हणाले आणि उतरले. त्यांनी रुख्मिणीबाईंना शोधलं. त्या डावीकडेच उभ्या होत्या, त्यामुळे सापडायला वेळ लागला. त्या हसत नव्हत्या. डाव्या पडद्यावर म्हैस पुन्हा रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती, चांगली मोठी, शिंगांसकट, आणि रुख्मिणीबाई तिच्याकडे बघत होत्या.

*

तीस तारखेला खुशालराव ऑफिसमधून निघाले ते ठरवून. फाईलवर शेवटची टिपणी लिहायची: 'प्रस्ताव नस्तीबद्ध करण्यात यावा.' म्हणजे गाडीचा विषय कायमचा बंद. रुख्मिणीबाई दोन दिवस बोलणार नाहीत. मग बोलतील. कुणालाच काही कळणार नाही. वाक्य त्यांनी वाटेत चारदा घोळवलं.

फाईल फ्रीजवर नव्हती. ती जेवणाच्या टेबलावर उघडी होती. पृष्ठ चौदा.

पाठीमागे ओट्याशी रुख्मिणीबाई होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसत समोर येऊन बसल्या. नीट समोर, मध्यभागी.

खुशालराव उभेच राहिले. टोपल्यांसारख्या त्या दोन गोलांच्या खाली, रुख्मिणीबाईंच्या तिरक्या अक्षरात, 'वाचले' असं लिहिलं होतं. खाली सही आणि तारीख होती. तारीख नऊ एप्रिल.

"नऊले वाचलं?" खुशालरावांनी विचारलं.

"मी तुमच्या सगळ्या फायली शेवटपर्यंत वाचतो. तुमाले काय वाटलं, मी नुसत्या सह्या मारतो?"

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी काहून नाई बोलले?"

याला खुशालरावांकडे उत्तर होतं, पण ते एका बाजेएवढं लांबरुंद होतं. ते खुर्चीवर बसले. बसण्याआधी त्यांनी हातानं खुर्ची चाचपली. हे आता लपवायचं कारण नव्हतं, तरी चाचपून झाल्यावर त्यांना लाज वाटली.

"मले वाटलं," ते म्हणाले, "तू मले इचारनं बंद करशील."

"काय इचारनं?"

"सगळंच."

रस्त्यावरून एक ऑटो गेला. खुशालरावांनी सवयीनं तो डावीकडून उजवीकडे नोंदवला.

"बारा दिवसांपासून मी मॉर्निंग वॉकले जाऊन राहिली," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"हो."

"वॉकले नाई जात. ड्रायव्हिंग क्लासले जातो."

खुशालरावांनी वर बघितलं.

"लर्निंग निघालं माहं. कालच्या रोजी मी मास्तरले घिऊन बाळापूर नाक्यापर्यंत गेली. येताना एका हातगाडीले जराकसं लागलं. फक्त टरबूजं होते." त्यांनी टेबलावरची एक न दिसणारी काडी उचलली. "मास्तर म्हने, बाई, तुमी ब्रेक सोडून बाकी सगळं चांगलं करता."

खुशालरावांना हसू आलं, आणि हसताना आपल्याला भीती वाटतेय हेही कळलं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना समोर ती दिसत होती. गोलाच्या मधोमध, पूर्ण, कपाळावरच्या घामासकट. कडेचं स्वयंपाकघर नव्हतं, फ्रीज नव्हता, खिडकी नव्हती. पण ती होती.

"तं असं हाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी फाईल त्यांच्यासमोर सरकवली आणि पेन दिलं. "मी फाईलवर लिहिलं. तुमी वाचा, अन् हो का नाई थे लिहा. तुमच्या लेखी मंजुरीबिगर मी काईच करत नाई. रात्री बाराले बंद होते थे."

पृष्ठ पंधरावर लिहिलं होतं: 'गाडी माझ्या नावाने घ्यावी. मी चालवीन. शेजारी बसून रस्ता सांगायला माणूस पाहिजे. तुम्ही येता का?'

"मले रस्ता दिसत नाई तं मी काय सांगू?"

"अकोला ते अमरावती रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा तुमाले पाठ हाय. तुमी सांगा, मी चुकवतो."

"खड्डे बदलते."

"आपल्या इकडचे?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी पेन घेतलं. लिहिताना ओळ जरा वर चढली. 'सहमत. येतो.' सही. तारीख. मग सवयीनं वेळही घातली, सात वाजून चार.

विपुलनं पाठवलेली लिंक रुख्मिणीबाईंच्या मोबाईलवर होती. नाव भरलं, गाव भरलं, नंबर आला तो टाकला. मग रंग निवडायचा होता. गाडी न दाखवता कंपनीनं पाच रंगांचे नुसते चौकोन दाखवले होते.

"कोनता?"

"तू सांग. गाडी तुही हाय."

"इचारून राहिली ना मी," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "कोनता रंग शेवटपर्यंत दिसते?"

"थे डॉक्टरीणबाईले इचारलं नाई."

"मंग सोमवारी जाऊ तं इचारू. मी पन येतो. आता लाल टाकू का?"

"टाक."

रुख्मिणीबाईंनी टाकला. टोकनचे पैसे गेले. सात वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर अभिनंदन आलं. त्या अभिनंदनाच्या खाली एक रिकामी चौकट होती. वर लिहिलं होतं, आणखी काही सांगायचं आहे का?

"राहू द्या. कोन वाचते थे?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"आन इकडे," खुशालराव म्हणाले.

त्यांनी मोबाईल डोळ्यांसमोर, बरोबर मध्ये धरला आणि एका बोटानं लिहायला लागले. रुख्मिणीबाईंनी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, वरण घोटून झालं, तरी ते लिहीत होते. चौकटीला शब्दांची मर्यादा नव्हती, कारण तिथं कुणी काही लिहील असं कंपनीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

'प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक महोदय. विषय: वाहन मुदतपूर्व दाखविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार श्रीमती रुख्मिणी खुशालराव अरबट, रा. अकोला, यांनी आपले लाल रंगाचे वाहन आज रोजी नोंदविले आहे. सदर वाहन पुढील दिवाळीनंतर मिळणार असल्याचे समजते. त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तथापि अर्जदाराचे पती यांच्या बाबतीत तोपर्यंतची खात्री देता येत नाही. त्यांना वाहन चालवावयाचे नाही, तूर्त त्यात बसावयाचेही नाही. करिता सदर वाहन तयार झाले नसल्यास आहे त्या स्थितीत, एक दिवसापुरते, दिवसाउजेडी, अकोला येथे आणून अर्जदारास चालकाच्या जागी बसवावे व पतीस समोर उभे राहून पाहू द्यावे. पाहून झाल्यावर वाहन परत नेण्यास हरकत नाही. उलटटपाली कळविण्याची कृपा व्हावी, ही विनंती.'